डंकरी बीकन: आईबाबांना घेऊन जमेल का? आणि वर बघायला आहे काय?

ब्रिस्टलवाली
नमस्कार मंडळी. आईबाबा पुण्याहून उन्हाळ्यापुरते आले आहेत. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात इंग्लंडच्या नैऋत्येला, एक्समूरवर, व्हेडन क्रॉसजवळ एका शेतावरचं कॉटेज घेतलंय. तिथून डंकरी बीकन अगदी जवळ आहे. सॉमरसेटमधला सगळ्यात उंच डोंगर, ५१९ मीटर. त्या दिवसांत हेदर (बुटकं रानझुडूप) फुललेलं असतं म्हणे, सगळा डोंगर जांभळा.

प्रश्न दोन.
आईचा एक गुडघा कुरकुरतो. सपाटीवर ती माझ्याहून जास्त चालते, उतारावर मात्र काठी लागते. जमेल का?
दुसरा प्रश्न जास्त अवघड आहे. बाबा निवृत्त तलाठी. तरुणपणी राजगड, तोरणा, रायगड सगळं करून झालंय. त्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, "किल्ला नाही, देऊळ नाही, झाड नाही, चहाची टपरी नाही. मग वर जाऊन बघायचं काय?" मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचतंय का?

शनवारपेठी
५१९ मीटर? अहो, पुणं ५६० मीटरवर आहे. तुमचे बाबा घरच्या गॅलरीत उभे राहिले तरी डंकरीच्या माथ्याहून उंच असतात. त्यांचं बरोबर आहे.

भोंगा
शनवारपेठी, पुणेकर सगळीकडेच उंचावरून बघतात, त्यात नवीन काय. ;)

घाटवाटा
स्पष्ट सांगतो, रागावू नका. इंग्लंडमधले हे मूर म्हणजे लांबच लांब गवताळ उतार. कातळ नाही, कडा नाही, घळ नाही, इतिहास नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला तासाभरात जांभया येतात. आईबाबांना घेऊन स्नोडोनियाला जा, ट्रेन वरपर्यंत जाते. निदान डोंगर पाहिल्यासारखा वाटेल.

सिस्टरताई
गुडघ्याचं मी सांगते, रोजचा धंदाच आहे माझा. डंकरी गेटपासून वर जायची वाट रुंद आहे, मैलभराच्या आसपास, चढ सावकाश. दगडगोटे आहेत, पण पायऱ्या किंवा घसरडी घळ नाही. दुखऱ्या गुडघ्याला त्रास देतो तो उतार. दोन्ही हातांत काठ्या द्या (एक नव्हे, दोन), पावलं छोटी, आणि उतरायच्या आधी वर दहा मिनिटं बसणं. बूट घोट्याला धरणारे हवेत. आईंना म्हणावं, साडी नको, पँट घाला, आणि पायमोजे पँटवर ओढून घ्या. कारण गोचिडी!

मूरवर, विशेषतः नेच्याच्या रानात, गोचीड असते. हरणं-मेंढ्या जिथे, तिथे ती. लाइम नावाचा आजार त्यातून होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, कंबरेला, काखेत बघायचं. चिकटलेली दिसली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. व्हॅसलीन लावू नका, काडी पेटवून चटका देऊ नका, पिळू नका. नंतर काही आठवड्यांत गोल लाल चट्टा पसरताना दिसला की डॉक्टरकडे जा.

वर शौचालय नाही. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. गावातून उरकून निघा.

ब्रिस्टलवाली
सिस्टरताई, दंडवत. शेवटची ओळ वाचून आई म्हणाली, "ही बाई आपली आहे."

रानवारा
घाटवाटा, "गवताळ उतार" म्हणालात म्हणून लिहितोय. मी टॉन्टनला राहतो, डंकरी माझ्या नेहमीच्या फिरण्यातला आहे.

ऑगस्टअखेरीस तिथे दोन तऱ्हेची हेदर एकत्र दिसतात. बेल हेदर गडद, जरा लालसर जांभळं. ते जुलैतच सुरू होतं आणि तोवर उतरणीला लागतं. दुसरं लिंग हेदर, फिकट, बारीक फुलांचं, ते ऐन भरात असतं. ओलसर जागी तिसरंही एक भेटतं, पानं चार-चारच्या फुलीत असलेलं. त्यातच बुटकं वेस्टर्न गॉर्स पिवळं फुललेलं. म्हणजे जांभळ्यावर पिवळे शिंतोडे. खाली वाकून एक काडी हातात धरा. लिंगची पानं खवल्यांसारखी एकावर एक, चार ओळींत बसलेली. डोंगर जांभळा दिसतो तो या तीळभर फुलांनी.

ऑगस्टात मधमाशापालक आपल्या पेट्या मूरवर आणून ठेवतात. हेदरचा मध पोळ्यात जेलीसारखा घट्ट असतो, यंत्रात फिरवून निघत नाही. ढवळला की पातळ होतो, ठेवला की पुन्हा घट्ट. पोळं दाबूनच काढतात बरेचदा. मिळाला तर घ्या, पण पोळीवर लावून खाल्लात तर जरा कडसर वाटेल.

आणि व्हर्ट! म्हणजे बिलबेरी, तिथली माणसं व्हर्टच म्हणतात. हेदरच्या मध्येच गुडघ्याएवढी झुडपं असतात, बारीक निळी-काळी फळं. ऑगस्टच्या शेवटी थोडी उरलेली असतात. करवंदं वेचलेल्या माणसाला शिकवायला लागत नाही. जीभ जांभळी होते.

चकलीभाजणी
व्हर्टचा मुरंबा केलाय मी. बी जाणवत नाही, साल पातळ, साखर कमी घाला. आणि ब्रिस्टलवाली, वर जाताना थालीपीठ-लोणी घेऊन जा. दशम्या वाऱ्यात कडक होतात, थालीपीठ टिकतं. थर्मासमध्ये आल्याचा चहा. टपरी नाही म्हणे! टपरी आपण न्यायची असते.

सड्यावरचा
रत्नागिरीहून लिहितोय. इंग्लंडला कधी आलो नाही, येईनसं वाटतही नाही, पण "वर बघायला काय आहे" हे वाक्य फार ओळखीचं आहे. आमच्या सड्यावर मे महिन्यात आलेला पाहुणा हेच म्हणतो. काळा कातळ, ना झाड ना पाणी. सरकारी कागदात पडीक. त्याच कातळावर श्रावणात या. वीतभर मातीत निळी सीतेची आसवं, पिवळी सोनकी, पाण्याच्या डबक्यात कीटक खाणाऱ्या वनस्पती. आणि त्याच कातळात हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी हत्ती, मासे, माणसं कोरून ठेवलीत. ही कातळशिल्पं गावातल्या गुराख्यांना माहीत होती, २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, मग साहेबलोक बघायला आले.

तुमच्या त्या डंकरीवर जुनं काही आहे का? असणार.

रानवारा
सड्यावरचा, आहे ना. माथ्याजवळ कांस्ययुगातली दगडी थडगी आहेत, रॉबिन हाऊ, जोनी हाऊ, किट बॅरोज अशी नावं. लांबून दगडांचे ढीग दिसतात, जवळ गेल्यावर मानवी हात कळतो. घाटवाटांच्या "इतिहास नाही"ला उत्तर.

आणखी एक. हा मूर उघडा आहे तो निसर्गाने नाही. हजारो वर्षांपूर्वी इथे बरंच जंगल होतं, माणसांनी तोडलं, मग गुरामेंढ्यांनी पुन्हा वाढू दिलं नाही. आजही हिवाळ्याअखेरीस ठरावीक पट्टे मुद्दाम जाळतात, कोवळा पाला फुटावा म्हणून. तिथे त्याला स्वेलिंग म्हणतात. चरणं आणि जाळणं दोन्ही थांबलं तर बऱ्याच भागात झुडपं, मग झाडं येतील. खाली हॉर्नर वुड आहे, जुन्या ओकांचं मोठं जंगल. ते बघून वर आलात की फरक डोळ्यांना दिसतो.

सड्यावरचा
आमच्याकडे भाजावळीला राब जाळतात तसं काहीसं. पण तुमच्याकडे जाळल्यावर बातम्या येतात की नाही?

रानवारा
येतात! कोळशाच्या वासापेक्षा पत्रव्यवहारच जास्त होतो. पक्षीवाले एका बाजूला, शेतकरी दुसऱ्या, कर्ब मोजणारे तिसऱ्या.

नकाशेवाला
सगळे फुलांबद्दल बोलताय, मी धुक्याबद्दल बोलतो.

डंकरी सोपा आहे, मान्य. पण ब्रिस्टल खाडीवरून ढग येतो तेव्हा दहा मिनिटांत काही दिसेनासं होतं. आणि मूरची अडचण अशी की खूण धरायला काही नसतं. सह्याद्रीत चुकलो तर निदान कड्याची धार, धनगरवाडा, एखादी घंटा, "मामा, वाट कुठं?" म्हणायला माणूस. इथे मेंढ्यांच्या पायवाटा. त्या माणसांच्या वाटेसारख्याच दिसतात, छान मळलेल्या, आणि दर शंभर पावलांवर फुटतात. मेंढीला कुठेच पोचायचं नसतं, हे लक्षात ठेवा.

एकदा डंकरीच्या पश्चिमेला असाच ढग आला तेव्हा आम्ही चौघे होतो, पैकी दोघांचे फोन मेलेले, तिसऱ्याला रेंज नाही. एक्समूरवर रेंज भरवशाची नाहीच. कागदी नकाशा (ऑर्डनन्स सर्व्हे एक्सप्लोरर ओएल ९, पंचवीस हजारांत एक) आणि होकायंत्र काढलं. माथ्याच्या पूर्वेला डोंगराच्या खांद्यावरून मोटाररस्ता जातो. म्हणून दगडी ढिगापासून सरळ पूर्व धरली, वाटांकडे बघायचंच नाही असं ठरवून. हेदरमधून चालणं जिकिरीचं आहे, बूट अडकतो, दर पावलाला पाय उचलावा लागतो. पण रस्त्याला लागलो. वर पोचलात की आधी गाडी कुठे आहे त्या दिशेला होकायंत्र लावून बघा, मग फोटो.

माथ्याचा नकाशावरचा संदर्भ: एसएस ८९१ ४१५. आईबाबांकडे लिहून द्या. आणि आज घरी बसूनच ९९९ ला "रजिस्टर" असा मेसेज इंग्रजीत पाठवून नोंदणी करा, म्हणजे बोलायची रेंज नसली तरी मेसेजने मदत मागता येते. फोन लागला तर आधी पोलीस मागायचे, त्यांना माउंटन रेस्क्यू सांगायचं. शिट्टी असेल तर मिनिटाला सहा वेळा.

वेळेचा हिशोब नेस्मिथचा, १८९२ पासून चालत आलेला: तासाला तीन मैल, वर दर दोन हजार फूट चढाला एक तास. आईबाबांसाठी याच्या दुप्पट धरा, फोटोंसाठी आणखी अर्धा तास.

भोंगा
आणि "चहा पिऊन निघू"साठी आणखी एक तास.

घाटवाटा
नकाशेवाला, हे आवडलं. धुक्यात मजा येत असेल तर मूरला मी एक गुण देतो. थडग्यांचे अर्धा.

वकीलसाहेब
ब्रिस्टलवाली, तुमचे बाबा तलाठी होते म्हणालात ना? मग त्यांना "बघायला काय आहे" हे सांगूच नका. त्यांना विचारा: या डोंगराचा सातबारा कुणाच्या नावावर असेल?

थोडक्यात. डंकरीचा माथा नॅशनल ट्रस्टकडे आहे. ती सरकारी संस्था नाही, धर्मादाय आहे. माथ्यावरच्या दगडी ढिगाला पाटी आहे, १९३५ मध्ये डोंगर ट्रस्टला दिल्याची. मग १९४४ मध्ये सर रिचर्ड अ‍ॅकलंड या खासदाराने होल्निकोट ही आपली बारा हजार एकरांहून मोठी इस्टेट ट्रस्टला दिली. जमीन सामायिक मालकीची असावी अशा मताचा माणूस, स्वतःचा पक्ष काढलेला.

पण मालकी ट्रस्टची म्हणजे सगळं ट्रस्टचं असं नाही. मूरचा बराच भाग कॉमन आहे. आजूबाजूच्या शेतांना तिथे चराईचे हक्क आहेत आणि ते १९६५ च्या कायद्याने नोंदवहीत लिहिले गेले, कुणाच्या किती मेंढ्या, किती घोडे. तुमच्या गायरानाचा सख्खा नाही तरी चुलत भाऊ. तिसरा हक्क तुमचा-आमचा: २००० सालच्या कायद्याने मोकळ्या मूरवर पायी फिरण्याचा हक्क. वाटेवरूनच चाललं पाहिजे असं नाही.

हा हक्क फुकट आला नाही. २४ एप्रिल १९३२ ला पीक डिस्ट्रिक्टमधल्या किंडर स्काउटवर मँचेस्टर भागातले कामगार घुसले, जमीनदारांच्या रखवालदारांशी झटापट झाली, पाच जण तुरुंगात गेले. बेनी रॉथमन हा त्यांचा म्होरक्या वीस वर्षांचा होता. म्हणजे या "रिकाम्या" डोंगरांवर फिरता यावं म्हणून पोरांनी तुरुंग भोगलाय.

शनवारपेठी
वकीलसाहेब, आता खरं बोललात. तलाठ्याला निसर्ग दाखवू नका, फेरफार दाखवा.

मुळशीकर_लीड्स
मग तिथे तंबू ठोकता येतो का? डार्टमूरवर येतो असं वाचलं.

वकीलसाहेब
डार्टमूरचा कायदा वेगळा, १९८५ चा. त्यातल्या "मोकळ्या हवेतील विरंगुळा" या शब्दांत मुक्काम बसतो का यावर जमीनमालक सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. मे २०२५ मध्ये कोर्टाने बसतो म्हणून सांगितलं. एक्समूरला तसा हक्क नाही, जमीनमालकाची परवानगी लागते. कुत्रा असेल तर १ मार्च ते ३१ जुलै दोरीवर, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी. मेंढ्यांजवळ तर बाराही महिने दोरीवर. फाटक जसं दिसलं तसं ठेवायचं, उघडं तर उघडं, बंद तर बंद.

मुळशीकर_लीड्स
धन्यवाद. आणखी एक विनंती, सगळ्यांनाच. मागच्या वर्षी आमच्या मंडळाची सहल यॉर्कशायरच्या मूरवर गेली होती. चाळीस माणसं आणि एक ब्लूटूथ स्पीकर. एक आजोबा शांतपणे जवळ आले, म्हणाले, तुमचं संगीत छान आहे, पण मी इथे चंडोल ऐकायला येतो. आम्ही बंद केलं, तर आमच्यातलेच दोघे म्हणाले, डोंगर काय त्यांच्या बापाचा आहे का.

भोंगा
वकीलसाहेबांच्या मते सगळ्यांच्या बापाचा आहे. हाच घोळ आहे.

चकलीभाजणी
स्पीकर नको, पण एकदम मुकाट्यानेही मला चालता येत नाही बाई. आम्ही बायका भेंड्या लावत जातो. हळू आवाजात. मेंढ्यांची तक्रार आलेली नाही.

पाटबंधारे_निवृत्त
मी कोल्हापूरचा, पाटबंधारे खात्यात आयुष्य गेलं. लेकीकडे एक्सेटरला आलो की हा प्रदेश बघतो. फुलं झाली, सातबारा झाला, आता पाण्याचं ऐका.

डंकरीवरून पश्चिमेला नजर टाकली की लांबवर द चेन्स नावाचं पठार आहे. १९५२ च्या १५ ऑगस्टला तिथे २४ तासांत २२९ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्या रात्री खाली समुद्रकाठी लिनमथ गाव उद्ध्वस्त झालं. ३४ माणसं गेली.

आपल्याकडचा माणूस म्हणेल, २२९ मिलिमीटर? मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ झाला! मीही म्हणालो. मग जागेवर जाऊन पाहिलं तेव्हा समजलं. मूरची पीटमाती (कुजलेल्या वनस्पतींची काळी माती) आधीच्या पावसाने तुडुंब भरलेली, एक थेंबही आत घेईना. पठार उंचावर, समुद्र काही मैलांवर, मध्ये ईस्ट लिन आणि वेस्ट लिन या दोन अरुंद घळी. पाणी उभं खाली आलं, सोबत ओंडके आणि गाडीएवढे धोंडे. पुलांना झाडं अडकून बांध तयार झाले आणि ते फुटले. शिवाय गावात वेस्ट लिनला जागेसाठी बंदिस्त नाल्यातून वळवलेलं होतं. त्या रात्री नदी जुन्या पात्रातून गेली. हे मात्र कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

आता तिथे उलटं काम चाललंय. पूर्वी मूरवर पाणी काढून टाकायला चर खणले होते, ते बुजवून पाणी मुरवतात. होल्निकोट इस्टेटीत २०२० मध्ये बीव्हर (झाडं कुरतडून ओढ्यावर बांध घालणारे प्राणी) सोडले, त्यांनी स्वतःच बांध घातले. आमच्या खात्यात असले इंजिनिअर मिळाले असते तर टेंडर काढायला नको होतं.

शनवारपेठी
काका, शेवटच्या वाक्याला माझ्याकडून एक मस्तानी. गुजर की सुजाता तेवढं सांगा.

वैनीसाहेब_स्विंडन
धाग्यावर एवढं ज्ञान आणि कुणी घोड्यांबद्दल बोललं नाही? एक्समूर पोनी! तपकिरी अंग आणि तोंडाभोवती, डोळ्यांभोवती पिठूळ रंग, पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखा. आमच्या लेकीने एकाला चिवडा द्यायचा हट्ट धरला होता.

रानवारा
वैनी, चिवडा नका देऊ, काहीच देऊ नका. ते मोकळे फिरतात पण प्रत्येक पोनीला मालक आहे. खाऊची सवय लागली की रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली जातात. दुसऱ्या महायुद्धानंतर पन्नासच्या आसपासच उरले होते, तिथून वाढवलेत.

ठाणे_ते_टेम्स
आणि हरणांचं? तिथे कुत्रे सोडून शिकार करतात ना अजून?

वकीलसाहेब
ट्रस्टने आपल्या जमिनीवर हरणांची कुत्र्यांनिशी शिकार १९९७ मध्ये बंद केली, देशाचा कायदा २००४ चा. पण एक्समूरच्या पबमध्ये हा विषय काढू नका. दोन्ही बाजूची माणसं त्याच पबमध्ये बसलेली असतात.

घाटवाटा
कुठलाही धागा शेवटी पबमध्ये जातो.

ब्रिस्टलवाली
मंडळी, जाऊन आलो!

पहिल्या दिवशी ढग होता, नकाशेवाल्यांचं ऐकून गेलोच नाही, डन्स्टर गावात सन १६०९ चं यार्न मार्केट (सुताचा जुना बाजार) बघून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश धुतलेलं. डंकरी गेटपासून निघालो. आई दोन काठ्या घेऊन पुढे, बाबा मागे.

फुलं बघून आई खूश. पाच मिनिटांत खाली वाकली आणि व्हर्ट वेचायला लागली. पदर नव्हता म्हणून टोपीत. ओंजळभर मिळाली. तिला उठवून पुढे नेणं हाच खरा चढ होता.

बाबा मात्र गप्प. मी सातबाऱ्याचा प्रश्न टाकला, त्यांनी हूं केलं फक्त. मग मध्यावर मेंढ्यांचा कळप आला. बाबा थांबले. एका मेंढीच्या डाव्या कुशीवर निळा डाग होता, दुसरीच्या मानेवर लाल पट्टा, तिसरीच्या ढुंगणावर हिरवा. बाबा म्हणाले, "हे एका माणसाचं नाही. तीन खातेदार आहेत." आणि जे सुरू झाले! कुंपण कुठे आहे, नाही तर मग मेंढी आपली जागा कशी ओळखते, संख्या ठरलेली आहे तर मोजतं कोण, जास्त सोडल्या तर दंड कुणाला. क्वाड बाइकवरून एक शेतकरी येत होता, बाबांनी हात करून थांबवला. त्यांचं इंग्रजी सरकारी वळणाचं, त्याचं सॉमरसेटचं, माझं दुभाषाचं काम. तो म्हणाला, मेंढी आईकडून जागा शिकते, पिढ्यान्‌पिढ्या त्याच उतारावर राहते, म्हणून शेत विकलं तर बहुतेकदा कळपही शेताबरोबरच जातो. बाबांना हे इतकं पटलं की त्यांनी त्याला शेकहँड केला.

माथ्यावर वारा असा की बोललेलं ऐकू येईना. दगडी ढिगाच्या आडोशाला थालीपीठ खाल्लं (चकलीभाजणी, लोणी वितळलं नाही). खाडीपलीकडे वेल्स स्पष्ट दिसत होतं. खाली हिंकली पॉइंटची अणुभट्टीही. बाबांनी पाटी वाचली, तारीख वहीत लिहून घेतली. बीकन म्हणजे पूर्वी इथे इशाऱ्याचा जाळ करत, हे सांगितल्यावर म्हणाले, "हां, मग ठीक आहे."

उतरताना आईचा गुडघा बोलला, पण काठ्यांनी निभावलं. घरी गोचीड एक निघाली, माझ्याच पायावर. सरळ वर ओढली.

सिस्टरताई
शाब्बास. तारीख लिहून ठेव, पायावर लक्ष ठेव.

सड्यावरचा
बाबांना माझा नमस्कार सांगा. मेंढी आईकडून जागा शिकते हे आमच्या धनगरांना सांगतो. ते म्हणतील, यात सांगण्यासारखं काय.

घाटवाटा
"हां, मग ठीक आहे" म्हणजे तलाठ्याकडून पैकीच्या पैकी. तरी मी म्हणतो, एखादा कडा असता तर बहार आली असती.

रानवारा
घाटवाटा, त्याच एक्समूरच्या उत्तर कडेला समुद्रावर इंग्लंडातले सगळ्यात उंच किनारी कडे आहेत. लिंटनजवळ व्हॅली ऑफ रॉक्सला जा, रानबोकड कड्यावर उभे असतात.

घाटवाटा
हे आधी का नाही सांगितलं??

ठाणे_ते_टेम्स
धागा वर आणतोय. आम्ही ऑक्टोबरमध्ये जायचं म्हणतोय. हेदर संपलेलं असेल ना? मग मुलांना दाखवायला काय असेल?

रानवारा
हेदर तपकिरी झालेलं असेल, पण ऑक्टोबर हा रेड डिअरच्या माजाचा महिना. नर पहाटे आणि संध्याकाळी डरकाळ्या फोडतात, समोरासमोर आले की शिंगांची टक्कर. ब्रिटनमधला जमिनीवरचा सगळ्यात मोठा रानटी प्राणी आहे तो, तेव्हा जवळ जायचं नाही. वेबर्स पोस्टला गाडी लावा, हॉर्नर वुडच्या वरच्या काठाला अंधार पडायच्या आधी उभे राहा, दुर्बीण न्या, मुलांना आतून एक स्वेटर जास्त घाला. आकाश मोकळं असेल तर लगेच परत फिरू नका. एक्समूर २०११ पासून काळोख राखलेला प्रदेश आहे, युरोपातला असा पहिला. आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते.

ठाणे_ते_टेम्स
लाल काचेची बॅटरी लागेल का?

नकाशेवाला
लागेल. साध्या बॅटरीवर लाल जिलेटिन कागद रबराने बांधलात तरी चालेल. आणि नकाशा घ्या. ओएल ९.